एकाच माणसाची कॅसेट

१९८४ साली गोव्यातल्या दुकानांत ‘गोअन क्रेझी’ नावाची कॅसेट विकायला आली. ती कुठल्याही कंपनीने काढलेली नव्हती. गाणी कोणी लिहिली, चाली कोणी लावल्या, गायले कोण, गिटार कोणाची, बासरी कोणाची, मागे साथीला येणारे आवाज कोणाचे, ध्वनिमुद्रण कोणी केले, वेष्टन कोणी सजवले, या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होते: रेमो फर्नांडिस. बार्देशातल्या शिवोली गावी, राहत्या घरात बसून त्यांनी ती केली. तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोचवलीही त्यांनीच.

या कॅसेटला चाळीस वर्षे होऊन गेली. रेमोंचे नाव निघाले की लोकांना आधी ‘जलवा’ आणि ‘हम्मा हम्मा’ आठवते. ती गाणी मोठ्या स्टुडिओतली, मोठ्या वाद्यमेळाची. त्यांना पद्मश्री मिळाली ती २००७ मध्ये, तेव्हा बातम्यांतही सिनेमाच पुढे होता. पण माझ्या मते त्यांचे खरे धाडस शिवोलीच्या त्या खोलीत झाले, आणि मराठीत त्याबद्दल सविस्तर लिहिले जायला हवे. मी राहतो दुधनीला, अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या वेशीवर. शिवोलीचा आणि आमचा तसा काही संबंध नाही. समुद्र नाही, गिटार नाही, इंग्रजी गाणे तर नाहीच. तरीही त्याच काळात, तसल्याच प्लास्टिकच्या डबीत आमच्याकडेही माणसे आपला आवाज भरून ठेवत होती. त्या आवाजांकडे कसे बघायचे, हे मला ‘गोअन क्रेझी’मुळे कळू लागले. म्हणून आधी रेमो, मग आमचे गाव.

रेमोंचा जन्म १९५३ चा, पणजीचा. मुंबईत जे. जे. मध्ये ते वास्तुकला शिकले. पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकले, वाटेत मिळेल त्या गाडीने जात, रस्त्यावर गात. परतले ते गोव्यात स्थिरावण्यासाठी. स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी घेऊन ते मुंबईतल्या कंपन्यांकडे गेले, तेव्हा भारतीय माणसाची स्वतःची इंग्रजी गाणी खपणार नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. त्या काळी आपल्याकडच्या इंग्रजी बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत, हॉटेलात, लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, एवढीच अपेक्षा असे. नक्कल चांगली साधली की टाळ्या पडत. स्वतःचे गाणे म्हणणाऱ्याला ना कंपनी होती, ना रेडिओ.

हे नीट समजायला त्या धंद्याची कुंडली बघावी लागते. १९७० च्या दशकाअखेरपर्यंत भारतात रेकॉर्ड म्हणजे जवळजवळ एचएमव्हीच. तबकडी काढायला कारखाना लागतो, आणि कारखाना ज्याचा त्याचीच निवड. कोण गाणार, कुठल्या भाषेत गाणार, किती मिनिटे गाणार हे सगळे थोड्या लोकांच्या हातात. मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्येच बाजारात आणली होती, पण आपल्याकडे तिचा पूर आला तो आखातातून परतणाऱ्या लोकांनी टू-इन-वन आणल्यावर, आणि १९८० च्या सुमारास सरकारी बंधने सैल झाल्यावर. कॅसेटची प्रत काढायला कारखाना लागत नाही, दोन डेक पुरतात. काही वर्षांतच गल्लोगल्ली कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिले. बोलीभाषांतली गाणी, गावोगावचे गवई, देवाधर्माची आणि राजकारणाची गाणी कॅसेटमुळे कशी वर आली, हे त्यात आहे.

पण प्रत काढणे सोपे झाले तरी मूळ ध्वनिमुद्रणाचे काय? चांगला स्टुडिओ तासाच्या भाड्याने मिळे, आणि ते भाडे साध्या माणसाला झेपणारे नव्हते. इथे रेमोंच्या खोलीतले यंत्र येते.

जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ नावाचे यंत्र काढले. साधी कॅसेटच घ्यायची, पण तिच्यावर चार वेगवेगळे आवाज भरायचे. कॅसेटच्या फितीची रुंदी असते ३.८ मिलिमीटर. नेहमीच्या टेपरेकॉर्डरमध्ये त्या रुंदीत चार पट्ट्या असतात. दोन एका बाजूच्या, दोन दुसऱ्या बाजूच्या. कॅसेट उलटी करून घातली की दुसऱ्या दोन वाजतात. पोर्टास्टुडिओ चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतो, म्हणून कॅसेट उलटायची सोय गेली. शिवाय आवाज जरा स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने धावते. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर काम करायला मिळतात फक्त पंधरा मिनिटे. पहिल्या पट्टीवर गिटार भरायची, ती कानाला लावून ऐकत दुसरीवर ताल, मग तिसरीवर बास. आता गळ्यासाठी एकच पट्टी उरली आणि बासरीही घालायची आहे. मग काय करायचे? तिन्ही आवाज एकत्र करून चौथ्या पट्टीवर उतरवायचे आणि पहिल्या तिन्ही पुसून टाकायच्या. पुन्हा तीन पट्ट्या मोकळ्या.

या पुसण्यात सगळी परीक्षा आहे. एकदा एकत्र केलेले तीन आवाज परत सुटे होत नाहीत. गिटार जरा जास्त वाजली असेल, ताल मागे पडला असेल, तर ते तसेच राहणार. दर उतरवणीत फितीची सळसळही थोडी वाढते. आज संगणकावर शंभर पट्ट्या घ्या, दहा दिवसांनी पुन्हा मोडा, काही बिघडत नाही. चार पट्ट्यांवर काम करणाऱ्याला मात्र संपूर्ण गाणे आधी डोक्यात ऐकू यावे लागते, आणि प्रत्येक पायरीला ‘हे असेच’ म्हणून पुढे जावे लागते. वास्तुकला शिकलेल्या माणसाला हे जमले याचे मला नवल वाटत नाही. पाया ओतल्यावर तो हलवता येत नाही, हे त्याने पहिल्या वर्षीच शिकलेले असते.

अशा ध्वनिमुद्रणाला तज्ज्ञ मंडळी कच्चे म्हणतात. खर्ज थोडा बोथट, वरचे सूर थोडे झाकलेले, मागे सतत बारीक सळसळ. पण त्यात एक गोष्ट अशी ऐकू येते जी महागड्या स्टुडिओत हरवते. गाणारा आणि त्याच्या मागे साथ देणारे, सगळे एकाच छातीतून श्वास घेतात. मुख्य गळा ज्या शब्दावर जोर देतो, त्याच शब्दावर मागचे आवाजही देतात, कारण ते त्याचेच आहेत. भाड्याने आणलेल्या कोरसला हे कितीही तालमी करून साधत नाही.

आणि गाणी कशावर? तर गावावर. रेमोंनी गोव्याच्या बंद पडणाऱ्या टेलिफोनवर गाणे केले, टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेललाच उद्देशून. १९८५ च्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये जुनी गोमंतकीय गाणी घेतली. १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’चे शीर्षकगीत अमली पदार्थांच्या विरोधात होते, आणि ते गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने लिहावे याला वेगळे वजन आहे. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा रेमोंनी त्यांच्यासमोरच गोव्याची खरी दुखणी गाण्यातून सांगितली. पुढाऱ्यांची धांदल उडाली, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे पत्र पाठवले. मुंबईच्या कंपनीने रेमोंचे पहिले गाणे हौसेने घेतले असते, तर त्यातले टेलिफोन आणि ओळखीच्या गल्ल्या राहिल्या असत्या का? मला शंका आहे. साऱ्या देशात खपावे म्हणून गाणे गुळगुळीत करायचा आग्रह कंपनी धरतेच. ‘गोअन क्रेझी’ला आधी गोव्यात खपायचे होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांत. त्यांना टेलिफोनचे दुखणे समजावून सांगावे लागत नव्हते.

पुढे कंपन्या आपणहून आल्या. ‘बॉम्बे सिटी’ १९८७ मध्ये आली. श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये रेमो गायले आणि पडद्यावरही दिसले. हा सगळा इतिहास त्यांच्या २०२१ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात आहे, त्यात इथे अधिक जात नाही.

याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण याहूनही साध्या साधनांवर गात होता. डॅनियल जॉन्स्टन, जन्म १९६१. त्याच्याकडे चार पट्ट्यांचे यंत्र नव्हते, सान्यो कंपनीचा स्वस्तातला टेपरेकॉर्डर होता. आईवडिलांच्या घराच्या तळघरात पियानो होता. तिथे १९८०–८१ मध्ये ‘साँग्ज ऑफ पेन’ ही कॅसेट भरली. १९८३ मध्ये ‘यिप जंप म्युझिक’ आणि ‘हाय, हाऊ आर यू’ या दोन कॅसेटी. गळा बारीक, थरथरता, सुराला कधी लागणारा कधी निसटणारा. टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात तो मॅकडॉनल्ड्समध्ये काम करी आणि भेटेल त्याच्या हातात आपली कॅसेट ठेवी. त्याच्याबद्दल आवर्जून सांगितली जाणारी एक गोष्ट आहे: सुरुवातीला प्रत काढायची सोयच नव्हती, म्हणून कोणी कॅसेट मागितली की तो सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून गाऊन नवी कॅसेट भरून देई. म्हणजे प्रत्येकाला मिळालेली कॅसेट मूळच.

१९८५ मध्ये एमटीव्हीने त्याला दाखवले. १९९२ मध्ये ‘निर्वाणा’ बँडच्या कर्ट कोबेनने त्याच्या कॅसेटवरच्या बेडकाचे चित्र असलेला टी-शर्ट घातला आणि जगभर नाव झाले. एका मोठ्या कंपनीने १९९४ मध्ये ‘फन’ नावाचा अल्बम काढला, तो आपटला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याला गंभीर मानसिक आजार होता, आयुष्याचा बराच काळ उपचारांत आणि इस्पितळांत गेला. त्याच्यावर लिहिणारे कित्येक जण त्या आजारालाच प्रतिभा समजतात. मला ते पटत नाही, आणि ते क्रूरही वाटते. आजाराने त्याची गाणी थांबवली, वर्षेच्या वर्षे हिरावून घेतली. गाणी आली ती पियानोशी रोज बसण्यातून, बीटल्स पाठ करण्यातून आणि एका मुलीवरच्या न फळलेल्या प्रेमातून. ही कामे शहाण्या माणसाचीच आहेत.

नामवंतांनीही कधीकधी हीच वाट धरली. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी पोर्टास्टुडिओवर काही गाणी नमुन्यादाखल भरली. मग बँडला घेऊन स्टुडिओत तीच गाणी केली, पण खोलीतला भाव येईना. शेवटी ती घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून त्याच वर्षी बाजारात आली.

महाराष्ट्रात या जातीचा माणूस शोधायला गेलो की गिटारवाला सापडत नाही, शाहीर सापडतो. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा, कंपनीच्या दाराबाहेर उभा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गाणी रचली, पण ती पसरली मुख्यतः इतरांच्या गळ्यांतून. त्यांच्या स्वतःच्या आवाजाला तबकडीने न्याय दिला नाही. विलास घोगरे मुंबईतल्या मुलुंडच्या झोपडवस्तीत राहत. एकतारीवर गात. त्यांचा आवाज आज आपल्यापाशी आहे, याचे मोठे श्रेय माहितीपटकार आनंद पटवर्धनांच्या कॅमेऱ्याला जाते: १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये ते गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. १५ जुलैला घोगऱ्यांनी आपले आयुष्य संपवले. त्यांच्यापासून सुरू होणारा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा व्हायला पटवर्धनांना चौदा वर्षे लागली, तो २०११ मध्ये आला. एका गाणाऱ्या माणसाचा आवाज टिकला तो सिनेमाच्या ध्वनिपट्टीवर, आणि तोही योगायोगाने. असे किती शाहीर असतील ज्यांच्या वस्तीत कोणी कॅमेरा घेऊन गेलाच नाही?

बायकांच्या बाबतीत हा योगायोग कोणीतरी ठरवून घडवून आणला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोयटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर मांडायला घेतल्या. काही ओव्यांचे ध्वनिमुद्रणही आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. कुष्ठरोगामुळे घराने टाकलेली ही बाई. मागे जात्याची घरघर नाही, तबला-पेटी नाही, फक्त गळा आणि भोवतीची हवा. सीता तिथे पुराणातली राहत नाही. या संग्रहाची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ‘लोकगीत’ म्हणून नावे पुसून टाकायची आपली जुनी खोड तिथे मोडली आहे.

आता आमच्या गावाचे.

दुधनी हे सोलापूर–वाडी रेल्वेमार्गावरचे स्टेशन. पुढे गाणगापूर रोड, मग कलबुर्गी. गाव तूर-हरभऱ्याच्या बाजाराचे. घरात कन्नड, शाळेत आणि कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही, अशी इथली बोलायची रीत. भजनातही तेच. एका बैठकीत तुकारामाचा अभंग होतो आणि लागोपाठ कडकोळ मडिवाळप्पांचे कन्नड तत्त्वपद. कोणी थांबून भाषा बदलल्याची सूचना देत नाही. टू-इन-वन गावात आले तसे भजनी मंडळांनी ते मधोमध ठेवून लाल बटण दाबायला सुरुवात केली. अक्कलकोटला देवळाबाहेरच्या दुकानांतून स्वामींच्या आरत्यांच्या छापील वेष्टनाच्या कॅसेटी यायच्या. कधी त्याच कॅसेटींच्या मागच्या कडेवरच्या खाचांना चिकटपट्टी लावून वरून आपले भजन भरले जायचे.

त्यातली एक कॅसेट मी पूर्ण ऐकली. एका घराच्या मालकांनी पत्र्याच्या ट्रंकेतून काढून दिली. फीत ढिली झाली होती, ती पेन्सिलीने ओढून घेतली. वेष्टनावर निळ्या शाईत ‘भजन, श्रावण’ एवढेच. वर्ष नाही, नाव नाही. माईक यंत्रातलाच, त्यामुळे जवळ बसलेल्याचे टाळ कानात घुसतात आणि मुख्य गाणारा खोलीच्या पलीकडून येतो. दुसऱ्या गाण्यात कोणीतरी खोकतो, बायका आत भांडी हलवतात. तिसरे पद अभंग नव्हे, तत्त्वपदही नव्हे. ते गाणाऱ्याने स्वतः रचलेले होते: नाममुद्रेत कोणा संताचे नाव नाही, त्याचे स्वतःचे आहे. पावसाने ओढ दिलेल्या साली तूर वाळली, त्याचे गाणे. निम्मे मराठी, निम्मे कन्नड. चाल भजनाची, पण मध्येच वर चढून तिथेच थांबणारी, जशी मी दुसऱ्या कुठल्या भजनात ऐकलेली नाही. ट्रंकेचे मालक शेजारी बसून मान हलवत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. “ऐका की सर, आता गाडी येलालीय बघा.” आणि फितीतून गाडीचा लांब भोंगा आला. गाणारा थांबला नाही. भोंगा संपेपर्यंत तो एकाच सुरावर उभा राहिला आणि मग पुढची ओळ घेतली.

हे ध्वनिमुद्रण वाईट आहे असे कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही. पण त्या सुरावर उभे राहणे कुठल्या स्टुडिओत मिळाले असते?

रेमोंशी तुलना करताना एक फरक लपवून चालणार नाही. रेमो शिकलेले होते, जग बघून आले होते, परदेशी यंत्र मिळवू शकत होते, आणि गोव्यात पाश्चात्य संगीताचा कान असलेली माणसे होती. रेमोंना आपले नाव वेष्टनावर लिहायचे धैर्य होते आणि हक्काची जाणीवही. आमच्या भजनीबुवांना आपण काही ‘केले’ आहे असेच वाटले नाही. देवापुढे गायले, यंत्र चालू होते, संपले. म्हणून शिवोलीची कॅसेट इतिहासात गेली आणि दुधनीची ट्रंकेत. मधले अंतर प्रतिभेचे असेलच असे नाही. पुष्कळसे अंतर वेष्टनावरच्या नावाचे आणि ती घेऊन फिरणाऱ्या स्कूटरचे आहे. कॅसेट भरली म्हणजे अर्धे काम झाले. जॉन्स्टनने उरलेले अर्धे हातोहात केले, रेमोंनी दुकानोदुकानी. आमच्याकडे ते करायचे राहून गेले, ते आता आपण करू शकतो.

मात्र वेळ थोडा आहे. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. फितीमागची नमद्याची चिमुकली गादी गळून पडलेली असते, ती दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येते. स्क्रूची डबी असेल तर उघडते. चिकटवलेली असेल तर हलक्या हाताने फोडून फीत नव्या डबीत घालावी लागते. जुन्या टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे विरघळून डांबर झालेले असतात, ते आधी बदलावेत. हेड स्पिरिटने पुसावे. आणि चाचणी म्हणून कॅसेट नुसती वाजवून बघू नये. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्यावे, कारण जुनी फीत त्या एका फेरीतही तुटू शकते. एमपीथ्री नको, पूर्ण आकाराची फाईल ठेवावी. सुरुवातीला आपल्या आवाजात बोलून ठेवावे: गाव कोणते, साल साधारण कुठले, गाणारा कोण, ढोलकीवर कोण, पेटीवर कोण.

त्या श्रावणाच्या कॅसेटसाठी आम्ही हे करतो आहोत. गाणाऱ्याचे नाव पदाच्या नाममुद्रेतच होते. ढोलकी कोणाची हे घरातल्या म्हाताऱ्यांनी दोन थापांत ओळखले. दुष्काळाच्या उल्लेखावरून साल ठरवायचा प्रयत्न चालला आहे, त्यासाठी एकाने बाजारातल्या जुन्या पावत्या काढल्या आहेत. दुसऱ्या बाजूला पेटी कोण वाजवतो यावर मात्र दोन घरांत एकमत नाही. तेव्हाचा एक टाळकरी आता मैंदर्गीत असतो, त्याला फाईल ऐकवून विचारायचे ठरले आहे.